मुलं सांभाळायला शिकायचं कशाला?

पत्र: «बाई, नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, वय २४. मराठी घेऊन बी.ए. केलं आणि दोन वर्षं एका औषध कंपनीत पॅकिंगला आहे, पाळ्यांचं काम. शेजारची चार मुलं सुट्टीच्या दिवशी आमच्याच घरात असतात आणि मी त्यांच्यात रमते. बालवाडीची शिक्षिका व्हावं असं फार मनात आहे. व्हॉट्सॲपवर एका संस्थेची जाहिरात आली: सहा महिन्यांत घरबसल्या एनटीटी, म्हणजे नर्सरी शिक्षिकेचा कोर्स, फी २८ हजार, नोकरीची शंभर टक्के हमी. मावशी म्हणते, त्यापेक्षा बी.एड. कर. बाबा म्हणतात, ‘भुरगीं सांबाळपाक शिकपाची गरज कसली?’ माझं इंग्रजीही बेताचंच आहे. मी काय करू?»

बाय,

जाहिरातीचं पुढे बोलते. आधी बाबांचा प्रश्न घेते, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांची गाठ तिथेच आहे. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांच्या घरात आजी होती, काकू होती, अंगण होतं आणि त्यात मुलं वाढली. पण आजीकडे चार नातवंडं असतात आणि ती जन्मल्या दिवसापासून तिच्या डोळ्यांसमोर असतात. बालवाडीच्या बाईसमोर जूनमध्ये पहिल्या दिवशी वीस-पंचवीस मुलं येऊन बसतात. एकही ओळखीचं नाही, निम्मी रडत असतात, बाहेर पावसाची झोड आणि दारात छत्र्या गळत उभे असलेले आईबाप. त्या दिवशी आजीची माया लागतेच, पण तेवढ्याने दिवस निभत नाही.

मी फोंडा तालुक्यातल्या एका बालवाडीत लागले तेव्हा माझ्याकडेही ‘मला मुलं आवडतात’ एवढीच शिदोरी होती. पहिल्याच वर्षी साडेतीन वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. आजी त्याला सोडून जायची आणि तो खिडकीखालच्या कोपऱ्यात बसायचा. रडायचा नाही, खेळायचा नाही, बोलायचा तर अजिबात नाही. जून गेला, जुलै गेला. मी रोज त्याच्यासमोर वाकून विचारायची, ‘बाळा, तुला काय हवं आहे? तुझं नाव सांगशील का?’ तो माझ्याकडे बघायचा आणि मान खाली घालायचा. ऑगस्टमध्ये मी माझ्या वहीत त्याच्या नावापुढे लिहिलं, ‘बोलत नाही. मंद वाटतो.’

चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधीची गोष्ट. सकाळी वर्ग नुकताच भरला होता आणि रस्त्यावरून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला. हा मुलगा ताडकन उठला, खिडकीच्या गजांना लटकला आणि मोठ्याने म्हणाला, ‘पोदेर आयलो! म्हाका उंडो जाय!’ पाववाला आला, मला पाव हवा: दोन पूर्ण वाक्यं, खणखणीत आवाजात. पोराच्या घरात कोंकणी होती आणि मी तीन महिने त्याच्याशी पुस्तकातली मराठी बोलत होते. ‘तुला काय हवं आहे’ हा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. आमच्या मोठ्या बाईंना मी हे हसत सांगायला गेले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझी वही उघडली, ‘मंद’ या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘हे तू पाहिलंस की ठरवलंस?’

त्या बोटाखालचा शब्द मला आजही दिसतो. तो मुलगा माझ्याच गावाजवळचा, त्याची भाषा मला येत होती, तरीही मी चुकले. बाबांना हे सांग. मुलांकडे बघायला शिकावं लागतं, आणि ते न शिकता वर्गात उभं राहिलं की त्याची किंमत मूल मोजतं.

या कामाचं शिक्षण म्हणजे मुख्यतः हेच. गाणी, गोष्टी, रंगीत तक्ते हे सगळं येतंच, पण ते नंतर. एक उदाहरण देते. समज, पाण्याच्या टबापाशी चार वर्षांची मुलगी बसली आहे. न शिकलेली बाई वहीत लिहील, ‘पाण्याशी मस्ती करते, सांडते.’ शिकलेली बाई लिहील, ‘दहा वाजून दहा मिनिटं. तांब्यातलं पाणी करवंटीत ओतलं. करवंटी भरून वाहिली. थांबली. दुसऱ्या खेपेला तांब्या कमी कलता केला. करवंटी काठोकाठ भरल्यावर थांबली. पाच वेळा केलं. सहाव्यांदा शेजारच्या मुलाला म्हणाली, आता तू.’ आता बघ, एवढ्याच ओळींत मोजमाप आहे, हाताचा ताबा आहे, चूक सुधारणं आहे आणि पाळी देणंही आहे. बाईला कळलं की या मुलीला उद्या लहान तोंडाची बाटली आणि नरसाळं द्यायला हवं. ‘मस्ती करते’ लिहिणाऱ्या बाईला एवढंच कळलं की टब उचलून ठेवायला हवा.

दुसरी गोष्ट हाताची. तीन वर्षांच्या मुलाला ‘अ आ इ’ गिरवायला लावणाऱ्या बालवाड्या आपल्याकडे गावोगाव आहेत आणि आईबापच त्यासाठी हट्ट धरतात. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मताना ती सगळी कूर्चेची, म्हणजे कानाच्या वरच्या भागासारखी लवचिक असतात. तिसऱ्या वर्षापर्यंत त्यातली जेमतेम दोन-तीन हाडाची झालेली असतात, बाकीची पुढच्या काही वर्षांत होतात. त्या हाताला पेन्सिल धरून ओळीत लिहायला लावलं की मूल अख्ख्या खांद्याने लिहितं, दमतं, चिडतं आणि वहीचा तिटकारा करायला शिकतं. त्या हाताला कणीक मळू दे, माती थापू दे, जुना ‘तरुण भारत’ फाडू दे, चिमटीने चिंचोके उचलून वाटीत टाकू दे. लिहिण्याची तयारी इथेच होत असते. २०२२ साली पायाभूत टप्प्यासाठी, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यातही तीन ते सहा वयाच्या मुलांच्या हातात पाठ्यपुस्तक देऊ नये असंच म्हटलं आहे.

आणि चिंचोके म्हटलं म्हणून सांगते, हेही शिकण्यातच येतं. तीन वर्षांच्या आतलं मूल हातातलं तोंडात घालतं, त्याच्यापुढे चिंचोके, मणी, शेंगदाणे ठेवायचे नाहीत. काजूच्या दिवसांत मोजायला म्हणून कच्च्या काजूबिया देण्याचा मोह आपल्या गोव्यात हमखास होतो. त्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. आपल्या घरच्या बायकांना हे ठाऊक असतं, पण वर्गात ‘स्थानिक साहित्य’ गोळा करताना नेमकं विसरलं जातं. उलट चवथीची माटोळी घे, गणपतीच्या वर बांधतात ती फळापानांची चौकट. आंबाडे, तोरिंग, सुपारीचं शिपटं, नारळ: जड-हलकं, खडबडीत-गुळगुळीत, वास, रंग, मोजणी सगळं त्या एका चौकटीवर टांगलेलं असतं. विकतच्या खेळण्यांपेक्षा मला ती केव्हाही जास्त मोलाची वाटते.

बाबांना आणखी एक नाव सांग. ताराबाई मोडक राजकोटला महिलांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. ती खुर्ची सोडून त्या भावनगरला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या गिजुभाई बधेकांकडे गेल्या, तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर बसायला. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वाड्या-पाड्यांतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा या बायकांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि हा शब्द देशभर गेला. तुझ्या वाड्यावरची अंगणवाडी त्याच ओळीतली आहे.

आता तुझी जाहिरात. २८ हजार रुपये देऊ नकोस. फी जास्त आहे म्हणून म्हणत नाही. ‘घरबसल्या’ हा शब्द बघ. हे काम घरी बसून शिकता येत नाही, जसं पोहणं नदीत न उतरता शिकता येत नाही. एनटीटी या नावाखाली अनेक खासगी संस्था आपापली प्रमाणपत्रं देतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांकडे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीटीईची, मान्यता नसते. त्या प्रमाणपत्रावर एखादी खासगी नर्सरी तुला ठेवून घेईलही, पण पुढे सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या जाहिरातीला अर्ज करायला गेलीस की ते बाजूला पडतं. ‘नोकरीची हमी’ देणाऱ्याला एकच विचार, ही हमी कागदावर सही-शिक्क्यानिशी देता का. फोन लगेच ठेवला जाईल.

एनसीटीईचा या वयोगटासाठीचा अभ्यासक्रम आहे, त्याचं नाव डिप्लोमा इन प्री-स्कूल एज्युकेशन, डीपीएसई. दोन वर्षांचा, बारावीला ५० टक्के लागतात, राखीव गटांना सवलत असते. मान्यता संस्थेला आणि त्या त्या अभ्यासक्रमाला वेगवेगळी मिळते हे विसरू नकोस. ‘आमची संस्था मान्यताप्राप्त आहे’ असं कुणी म्हणालं तर विचार, याच कोर्ससाठी का? एनसीटीईच्या संकेतस्थळावर पश्चिम विभागाच्या यादीत गोवा येतो, तिथे संस्थेचं नाव आणि कोर्सचं नाव दोन्ही एकत्र दिसायला हवीत.

मावशींचा सल्ला मायेचा आहे, पण तो जुना झाला. तुला लहानांनाच शिकवायचं आहे. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. त्या वर्गांसाठी डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदविका, लागते. तीही दोन वर्षांची, बारावीनंतरची, आणि आपल्याकडे ती पर्वरीच्या डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, होते. पुढे टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही द्यावी लागते. तू म्हणशील, मला बालवाडी हवी, पहिली-दुसरी कशाला? २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा केला आहे, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एकत्र. गोव्यात २०२३-२४ पासून या टप्प्याची सुरुवात झाली. त्यामुळे डी.एल.एड. केलेली आणि शिवाय बालशिक्षण नीट शिकलेली शिक्षिका या पाचही वर्षांच्या मुलांना घेऊ शकते. तुझ्या वयाला आणि तुझ्या बी.ए.ला मला हीच वाट जास्त रुंद दिसते. दोन वर्षं पूर्णवेळ जातील, नोकरी सोडावी लागेल. घरची परिस्थिती तू जाणतेस.

नोकरी लगेच सोडणं शक्य नसेल तर इग्नूची बालसंगोपन व शिक्षणाची पदविका, डीईसीई, बारावीवर करता येते आणि तिला प्रात्यक्षिक कामाचा भाग आहे. इग्नूचं विभागीय केंद्र पर्वरीलाच आहे. ती चांगली आहे, बालआरोग्य आणि आहार त्यात व्यवस्थित येतो, पण ती म्हणजे डीपीएसई किंवा डी.एल.एड. नव्हे. ती ज्ञानासाठी घे आणि कोणत्या पदाला चालते ते त्या पदाच्या जाहिरातीत वाच. बारावीतल्या कुणी मुली हे वाचत असतील तर त्यांनी पणजीच्या होम सायन्स कॉलेजमध्येही चौकशी करावी, मानवी विकास हा विषय तिथे पदवीला आहे. माँटेसरीचं शिक्षण वेगळं, सुंदर आणि खर्चीक. पण हे नाव पाटीवर कुणीही लावतं, त्यामुळे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं मिळणार आणि माँटेसरी साहित्य प्रत्यक्ष हाताळायला किती तास मिळणार हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

अंगणवाडीला कमी लेखू नकोस. सेविका त्याच भागातली रहिवासी लागते आणि वाड्यावरची प्रत्येक गरोदर बाई, प्रत्येक तान्हं मूल तिच्या वहीत असतं. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा बालशिक्षणाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम द्यावा असं २०२० च्या धोरणात आहे. मानधन कमी आणि काम भरपूर, हे खरं. पण तीन ते सहाची मुलं आणि त्यांची घरं इतक्या जवळून दुसऱ्या कुणालाही दिसत नाहीत.

कोर्स कोणताही निवड, प्रवेश घेण्याआधी तिथे जाऊन विचार: खऱ्या मुलांसोबत किती आठवडे बसवणार? माझा पाठ बघायला कोण येणार आणि नंतर माझ्याशी बोलणार का? बोलायला उशीर झालेलं, ऐकू कमी येणारं, सारखं एकटं बसणारं मूल ओळखायला कोण शिकवणार? घास घशात अडकला तर काय करायचं हे हातांनी करून घेता का? पोक्सो कायदा शिकवता का? मुलांचं लैंगिक अत्याचारापासून रक्षण करणारा २०१२ चा हा कायदा प्रत्येक बालवाडीच्या बाईला माहीत हवा, कारण मुलावर अत्याचार झाल्याची शंका आली तरी कळवणं तिच्यावर बंधनकारक आहे. या प्रश्नांना गुळमुळीत उत्तरं आली तर परत फीर. मूळ मार्कलिस्ट कुठेही ठेवून घेऊ देऊ नकोस, झेरॉक्स दे.

इंग्रजीचं तुझ्या मनात फार आहे असं दिसतं. इंग्रजी शीक, जरूर शीक, कारण या विषयावरचं पुष्कळ लिखाण त्यात आहे आणि आईबापांशी दोन वाक्यं बोलता यायला हवीत. पण साडेतीन वर्षांच्या मुलासमोर तुझी खरी पात्रता ही आहे की तुला मराठी आणि कोंकणी दोन्ही घरच्यासारख्या येतात. आपल्या मुलांच्या घरात एक भाषा, वर्गात दुसरी, पाटीवर तिसरी. मूल येऊन म्हणतं, ‘बाई, म्हाका उदक जाय.’ तू म्हणायचं, ‘तुला पाणी हवं? ये, घे.’ त्याला दुरुस्त करायचं नाही, ‘नीट बोल’ म्हणायचं नाही. पाणी त्याला मिळालं आणि ‘पाणी’ हा शब्दही मिळाला. आठवड्याभरात ते दोन्ही शब्द वापरायला लागतं. ज्या बाईला फक्त इंग्रजी येतं तिला हे करता येणार नाही. मुलाखतीत कुणी तुझ्या इंग्रजीवर बोट ठेवलं तर हे उदाहरण शांतपणे सांग.

पैशांबद्दल स्पष्ट बोलते, कारण नंतर कुणी सांगत नाही. खासगी बालवाडीतला पगार तुझ्या आताच्या पगाराहून कमी असू शकतो आणि मे महिन्याचा देतात की नाही हेही विचारावं लागतं. नेमणुकीचं पत्र घेतल्याशिवाय कामाला लागू नकोस. ‘आधी सहा महिने शिकाऊ म्हणून ये’ असं सांगून सहा महिने फुकट राबवून घेतलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

म्हणून आज राजीनामा देऊ नकोस. तुझी दुसरी पाळी असते त्या आठवड्यात सकाळ मोकळी असणार आणि बालवाडी सकाळचीच असते. तुझ्या वाड्यावरच्या अंगणवाडीत किंवा गावातल्या बालवाडीत जा, सेविकेला किंवा मुख्याध्यापिकेला विनंतीचा अर्ज दे, की मला रोज दोन तास कोपऱ्यात बसून बघायचं आहे. परवानगी मिळाली तर फोन पिशवीत ठेव, कुणाचेही फोटो काढू नकोस. बाईंनी सांगितलं तर चटया घाल, पेले धू. शंभर पानी वही ने. रोज एकच मूल निवड आणि पंधरा मिनिटं फक्त ते काय करतं ते लिही. वेळ लिही, हात काय करत होते ते लिही, तोंडचे शब्द जसेच्या तसे लिही, कोंकणीत असतील तर कोंकणीत. ‘हट्टी’, ‘लाजरा’, ‘हुशार’ असा शब्द आला की खोड आणि पुन्हा बघ.

असे दोन-तीन आठवडे झाल्यावर घरी गेलीस की बाबांना एक पान वाचून दाखव. आणि प्रवेशाच्या फॉर्मवर सही करण्याआधी त्या वहीतली पहिली दहा पानं झेरॉक्स करून मला पाठव. मुलांची नावं मात्र काढून टाक.

तुझी बाई